खेळणं काम करतंय की मूल? फलटणच्या एका पाटीमागची गोष्ट

(आपल्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मध्ये आलेले 'अं' आणि चहाचे घोट काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आज एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे, त्यामुळे बिनधास्त हसा.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा तिसरा वाढदिवस होता. मी पुण्यात नोकरीला, ताई आमच्या फलटणला. एकुलता एक मामा म्हटल्यावर जरा भारी काहीतरी न्यायला हवं ना! मोबाइलवर तासभर स्क्रोल केलं आणि एक खेळणं मागवलं. रंगीत पाटी, त्यावर वीसेक बटणं. बटण दाबलं की लाइट लागतो, गाय हंबरते, इंग्रजीतून एबीसीडी ऐकू येते आणि शेवटी ते खेळणं स्वतःच टाळ्या वाजवतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, बुद्धीच्या विकासासाठी. अठराशे रुपये गेले, पण खोका उघडल्यावर भाची अशी हरखली की पैसे वसूल वाटले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. भाची सातव्या महिन्यात जन्मलेली. तिचा उजवा हात थोडा आखडलेला आहे, मूठ चटकन उघडत नाही. ताई तिला दर आठवड्याला थेरपीला घेऊन जाते. त्या रात्री सगळे झोपल्यावर ताई ओट्यापाशी भांडी आवरत होती आणि मी उगाच मध्ये मध्ये करत होतो. ती म्हणाली, "खेळणं छान आहे रे. पण त्याला तिचं एकच बोट लागतं, आणि ते डाव्या हाताचं. उजव्याला त्यात काही कामच नाही."

ती रागावली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

मी विचारलं, "मग थेरपीला काय करायला लावतात?" ती म्हणाली, "कणीक मळायला देतात. डब्याची झाकणं काढायला लावतात. एका वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत टाकायचे. आपल्याला वाटतं पोरगी खेळतेय. त्या म्हणतात, खेळणं हेच तिचं काम आहे."

या थेरपीला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. ऑक्युपेशन म्हणजे हाताला आणि मनाला गुंतवून ठेवणारं काम. पुण्याला परतल्यावर मी सहज शोधलं की ही विद्या आपल्या देशात आणली कोणी. जे नाव समोर आलं ते बघून मी चाटच पडलो. ते नाव मी लहानपणापासून फलटणमध्ये एका शाळेच्या पाटीवर वाचत आलोय. कमला निंबकर.

पाटीवरचं नाव

'कमला निंबकर बालभवन' ही फलटणची मराठी माध्यमाची शाळा. तिच्यासमोरून मी शेकडो वेळा सायकल हाणत गेलोय. असतील कोणीतरी देणगीदार, एवढंच डोक्यात. विचारलं मात्र कधीच नाही.

तर कमलाबाईंचं माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. अमेरिकेतल्या एका क्वेकर घरातल्या. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांमधला एक शांततावादी पंथ. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या १९३० च्या सुमारास भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे चाळीसच्या दशकात त्यांनी अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं. परत आल्यावर १९५० साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ही थेरपी शिकवणारी शाळा सुरू केली. आशियातली ही पहिली शाळा मानली जाते. १९५२ साली या थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्यामागेही त्याच होत्या. त्याच वर्षी या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली आणि तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. विचार करा, देश स्वतंत्र होऊन जेमतेम पाच वर्षं झालेली.

ही विद्या तशी नवीनच होती. अमेरिकेत तिची पहिली संघटना निघाली १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना. लढाईतून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांना नुसतं खाटेवर पडून बरं वाटत नाही, हे लोकांच्या लक्षात येत होतं. त्यांच्या हाती विणकाम, सुतारकाम, टोपल्या विणणं असं काहीतरी दिलं की हातातली ताकद परत येते आणि मनाला उभारीही मिळते. साधी कल्पना, कामातून बरं होणं.

पण समोर तीन वर्षांचं मूल असेल तर? त्याला कुठे सुतारकाम देणार? त्याचं काम एकच, ते म्हणजे खेळ. त्या काळात पोलिओनं कितीतरी मुलांचे हातपाय लुळे पडायचे. अशा मुलाला "वीस वेळा मूठ उघड-मीट कर" म्हटलं तर ते दोनदा करेल आणि रडायला लागेल. त्याच्यासमोर गोट्यांनी भरलेली बरणी ठेवली तर ते पन्नास वेळा करेल, वर म्हणेल अजून द्या. खेळणं निवडण्यामागे इतका मोठा विचार असतो, हे मला माझ्याच गावच्या पाटीनं शिकवलं. तेही वीस वर्षं उशिरा.

ज्याच्या खेळण्याचं नावच 'भेट'

इथून मी जरा मागे गेलो. मुलांच्या वाढीसाठी मुद्दाम खेळणं बनवावं, हे पहिल्यांदा सुचलं कोणाला? याची एक ठळक सुरुवात जर्मनीत सापडते, फ्रीडरिश फ्रोबेल या शिक्षकापाशी. १८३७ साली त्यानं ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांसाठी काम सुरू केलं. किंडरगार्टन हा शब्दही त्याचाच, अर्थ मुलांची बाग.

फ्रोबेलनं मुलांसाठी एकामागून एक खेळण्यांचे संच तयार केले. त्यांना त्यानं नाव दिलं 'गाबे'. जर्मन भाषेत गाबे म्हणजे भेट. आपण वाढदिवसाला देतो ना, तीच. पहिली भेट म्हणजे सहा रंगांचे लोकरीचे सहा चेंडू, दोरीला बांधलेले. दुसरी भेट लाकडाची, त्यात एक गोळा, एक ठोकळा आणि एक दंडगोल. तिसऱ्या भेटीत एक मोठा ठोकळा, जो उघडला की आठ छोटे ठोकळे होतात. बस्स, एवढंच. ना आवाज, ना चित्र. त्या आठ ठोकळ्यांचं आज घर होईल, उद्या विहीर, परवा रेल्वे. ठोकळा स्वतः काहीच करत नाही, म्हणून मुलाला सगळं करावं लागतं.

आणि या निरुपद्रवी ठोकळ्यांचं पुढे काय झालं माहितीये? १८५१ साली प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. सरकारला त्यात नास्तिक आणि बंडखोर विचारांचा वास आला. दुसऱ्या वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठायला १८६० साल उजाडलं. मुलं स्वतः विचार करायला लागली की कोणाला तरी धास्ती वाटतेच.

दुसरी मोठी पायरी रोममधली. मारिया माँटेसरी हे नाव तुम्ही गल्लोगल्लीच्या नर्सरीच्या बोर्डावर वाचलेलं असतं. बाई मुळात डॉक्टर. 'मतिमंद' असा शिक्का मारून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर त्यांनी आधी काम केलं. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये सेगँ नावाच्या डॉक्टरानं अशाच मुलांसाठी साधनं बनवली होती. आकार आपापल्या खाचेत बसवायची लाकडी पाटी त्यातलीच. माँटेसरींनी ती अभ्यासली, सुधारली आणि १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढून सगळ्या मुलांच्या हाती दिली. त्यांच्या लाकडी दंडगोलांना वर छोटी मूठ असते. ती तीन बोटांनीच धरता येते. पुढे पेन्सिल धरायची तयारी तिथेच होते, मुलाला पत्ताही लागत नाही.

म्हणजे बघा, आज मॉलमध्ये 'ब्रेन डेव्हलपमेंट'च्या रॅकवर जी आकारांची कोडी दिसतात ना, त्यांचं मूळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नाही. ज्या मुलांना जगानं नाकारलं होतं, त्यांच्यासाठी कोणीतरी डोकं लावलं, त्यातून ती आली. माझ्या भाचीसारख्या पोरांमुळे.

लाकडाऐवजी चिंचोके

हे सगळं महाराष्ट्रात आलं तेव्हा एक अडचण उभी राहिली. पैसा. माँटेसरीची साधनं गुळगुळीत लाकडाची, मोजून मापून केलेली, महाग. खेड्यातली शाळा ती घेणार कुठून?

याचं उत्तर शोधलं ताराबाई मोडक यांनी. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण शहरातली बालमंदिरं चालवून त्यांचं समाधान होईना. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या, आजच्या पालघर जिल्ह्यात. सोबत अनुताई वाघ. १९५७ साली काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं, थेट वारली पाड्यांच्या शेजारी.

तिथे त्यांनी महागड्या साधनांचा आग्रह सोडला. शंख, शिंपले, बिया, चिंचोके, पानं, काड्या, माती. मोजायला बिया, रंग ओळखायला पानंफुलं, ओवायला शिंपले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी ही कल्पना या कामातून पुढे आली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर पोचला.

हीच वाट पुढे अरविंद गुप्ता यांनी वेगळ्या पद्धतीनं चालवली. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी. १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात गेले. तिथे आठवडी बाजारात त्यांना सायकलची वॉल्व्ह ट्यूब दिसली. तिचे तुकडे आणि आगपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं उभी केली. पुढे पुण्याच्या आयुकामध्ये त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवून दाखवली. त्यांचे व्हिडिओ फुकट आहेत, आजही बघता येतात.

आपल्या फलटणचं काय?

आता गावी येऊ. कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर म्हणजे लेखिका, इरावती कर्वे यांची मुलगी. साठच्या दशकात मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फलटणला आल्या. आल्या होत्या आपण फलटणकर मराठी कशी बोलतो ते अभ्यासायला. आणि राहूनच गेल्या. १९७८ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. जाईताईंबरोबर त्यांनी परभाषकांसाठी मराठीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केलं. १९८६ साली त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची शाळा सुरू झाली, तीच ही कमला निंबकर बालभवन. हात चालता करणाऱ्या बाईंचं नाव, आणि शाळा काढली भाषा जाणणाऱ्या बाईंनी. मला ही जोडी फार आवडते. कारण लहान मुलाचा हात आणि त्याची जीभ एकदमच मोकळी होते. भातुकली मांडलेल्या पोरी बघा, हात चालतोय आणि तोंडाचा पट्टाही.

पण या सगळ्याच्या आधीपासून आपल्याकडे काय होतं? आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्या वेळी खेळणी कुठली? बेंदराला बैल करायचो, बास." आपल्या सातारा-सांगलीकडे पोळ्याऐवजी बेंदूर. बाणगंगेकाठची माती आणायची, भिजवायची, मळायची, शिंगं ओढून काढायची. आता सांगा, कणीक मळायला देणारी थेरपिस्ट यापेक्षा वेगळं काय करते? सागरगोटे वर उडवून खालचे गोळा करायचे आणि वरचा झेलायचा, यात डोळा आणि हात एका तालात यावे लागतात. देवदिवाळीला रामाच्या रथाच्या यात्रेत मिळणारं भिरभिरं, त्यासाठी पळावं तर लागतंच. दिवाळीतला किल्ला तर महिनाभराचा प्रोजेक्ट आहे. दगड उचला, चिखल कालवा, अळीव पेरा, मावळे कुठे उभे करायचे यावर भांडा.

आणि माळ्यावरचा पांगुळगाडा! लाकडाची तिकोनी चौकट, खाली तीन चाकं, वर धरायला दांडी. मूल उभं राहतं, दांडी धरतं आणि ढकलतं. त्याच्यासमोर आजचा गोल प्लॅस्टिकचा वॉकर ठेवा. त्यात मूल बसतं आणि बोटांनी जमीन रेटत घरंगळतं. पांगुळगाड्यात तोल मुलाचा, वॉकरमध्ये तोल वॉकरचा. बसायच्या वॉकरनं मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून पडून इजा होतात. म्हणूनच कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून बारशाला आहेरात येतो.

आता, जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाहीये बरं का. छोटं मूल सागरगोटा गिळू शकतं. स्वस्त रंगात विषारी धातू असू शकतात. म्हणूनच १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालंय. तो बदल चांगलाच आहे.

मग घ्यायचं काय?

तुमच्यापैकी बरेच जण अजून आईबाप नाहीत, पण मामा, मावशी, आत्या, काका आहात. पगार झाला की तुम्हीच गिफ्ट ऑर्डर करता. म्हणून मी आता कार्टमध्ये काही टाकण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारतो.

पहिला, काम कोण करतंय, खेळणं की मूल? टाळ्याही खेळण्यानंच वाजवल्या तर आपण कशाला आहोत?

दुसरा, यात हाताला काय काय करावं लागेल? दाबणं, ओढणं, पिळणं, ओवणं, रचणं, जितकं जास्त तितकं बरं.

तिसरा, हे एकाच प्रकारे खेळता येतं की दहा प्रकारे? ठोकळे, माती, चेंडू, कापडाचे तुकडे यांना म्हणून तर मरण नाही.

चौथा, खेळताना कोणी बोलेल का? अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०१६ साली 'जामा पीडियाट्रिक्स'मध्ये छापून आला. दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक, अशा २६ जोड्या. आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी दिली तेव्हा पालक कमी बोलले आणि बाळंही कमी बोलली. पुस्तकं दिली तेव्हा बोलणं सगळ्यात जास्त झालं. खेळणं बडबडायला लागलं की माणसं गप्प होतात. आपल्या घरी टीव्ही लागल्यावर होतं ना, तसंच.

आणि वय बघा. तीन वर्षांखालच्या मुलाला तोंडात मावेल असा बारीक भाग नको, सहज उघडणारी बटण-बॅटरी तर नकोच. मुलाला काही अडचण असेल तर त्याच्या थेरपिस्टला आधी एक फोन करा. मी केला नव्हता.

यावर्षी केला. चौथ्या वाढदिवसाला मी भाचीसाठी स्टीलचे सात डबे नेले, एकात एक बसणारे, फिरकीच्या झाकणाचे. भांड्यांच्या दुकानातून. प्रत्येक डब्यात काहीतरी टाकलं. एकात शेंगदाणे, एकात कापडाची चिंधी, एकात छोटा चेंडू, एकात आजीचं जुनं बटव्याचं बंद. आई म्हणाली, "अरे, वाढदिवसाला डबे कोण आणतं?"

भाचीनं पहिला डबा डाव्या हातानं फिरवून बघितला. डबाच अख्खा फिरला. दाताने बघितलं. मग माझ्याकडे दिला. ताईनं मला डोळ्यानं दटावलं, उघडून द्यायचं नाही. पोरगी चिडली, डबा ढकलून दिला, परत ओढला. आणि मग तिनं तो उजव्या हाताच्या कोपरानं पोटाशी दाबून धरला. मूठ काही उघडली नव्हती, हातानं नुसता आधार दिला होता. डाव्या हातानं झाकण फिरवलं. झाकण सुटून खाटेखाली घरंगळत गेलं, शेंगदाणे सगळीकडे.

टाळ्या मात्र आम्हीच वाजवल्या.

तर मंडळी, तुमच्या घरी, तुमच्या आजीच्या माळ्यावर असं कुठलं खेळणं आहे, ते मला नक्की कळवा. फोटो आणि त्याचं गावाकडचं नावही पाठवा. आणि फलटणला कधी आलात, तर त्या शाळेची पाटी जरा थांबून वाचा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, खेळत राहा!